कोऱ्या कागदावरचा हौशा

सोलापूरला चित्रं काढायला जाते आहे असं सांगितल्यावर आमच्या चिपळुणात जो तो मला वेड्यात काढायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो सुमन, तिथे काढण्यासारखं आहे काय? खाडी नाही, डोंगर नाही, झाडसुद्धा शोधायला लागतं म्हणे. चादर आणायची असेल तर सरळ तसं सांग. आणि आणलीसच तर मला डबलची आण." थोडक्यात, माझी कलासाधना काकूंनी चादरीच्या खरेदीत गुंडाळून टाकली.

खरं कारण वेगळं होतं. जानेवारीच्या शेवटी आमच्या वाचनालयाच्या सभागृहात माझ्या जलरंगातल्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. शाळेत पोरांना चित्रकला शिकवता शिकवता माझे केस पिकायला लागले, पण स्वतःचं प्रदर्शन हे पहिलंच. चित्रं रग्गड होती: पाऊस, माड, होड्या, आणि पुन्हा पाऊस. पण सभागृहाच्या दारातून आत आल्याबरोबर समोर जी भिंत दिसते, तिच्या मधोमध लावावं असं त्यात एकही नव्हतं. बाकीच्या जागा मी खुणा करून ठरवल्या होत्या. ती मधली जागा तेवढी मला रोज टोचत होती.

कोल्हापूरला ड्रॉइंगच्या कोर्सला असताना गिरिजा माझी खोलीतली सोबतीण होती. ती आता सोलापुरात संसार करते. तिला मी ही व्यथा कळवली, तर तिनं उलट टपाली लिहिलं, "सुमे, तुझी सगळी चित्रं ओली आहेत. इकडे ये आणि जरा वाळव." राग आला, पण खरं होतं. संक्रांतीच्या आधी रजा टाकून मी निघाले.

सात रस्ता

गिरिजाचं घर सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. तिचे यजमान चनबसप्पा यांचं भवानी पेठेत भुसार मालाचं दुकान आहे. घरात नवरा-बायको आपसात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी बोलतात, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही भाषा एकदम वापरतात. त्यामुळे ते भांडण कशावरून होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण जेवायची वेळ झाली की चनबसप्पा मांडी घालून बसत आणि "ऊटा माड्री, ऊटा माड्री" असा आग्रह करत. तेवढं कानडी मात्र मला पहिल्याच दिवशी समजलं.

ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची लालभडक चटणी, घट्ट दही आणि कांदा. आम्ही भात-माशांवर वाढलेली माणसं. पहिल्या दिवशी वाटलं, आता आठ दिवस माशाचं दर्शन नाही, कसं होणार? दुसऱ्या दिवशी चटणीवर तेल घालून भाकरीबरोबर खाल्ली आणि माशाची आठवण दुपारपर्यंत पुढे ढकलली. तिसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. गिरिजा कडक भाकरीही करते, पापडासारखी मोडणारी. ती मी पिशवीत घेऊन हिंडायची, आणि चित्र बिघडलं की मोडून खायची. पहिले दोन दिवस पुष्कळ खाल्ली.

कारण हवा. आमच्याकडे आभाळाचा एक हात मारला की मी आत जाऊन चहा टाकते, पिते, कपबशी धुऊन येते, तरी आभाळ आपलं ओलंच. त्या ओलीतच ढग सोडायचे, त्या ओलीतच डोंगर बुडवायचे, हीच माझी आयुष्यभराची रीत. सोलापुरात कुंचला डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत डावीकडचं आभाळ वाळून मोकळं व्हायचं. दुसरा हात मारला की मध्ये शिवण पडल्यासारखी रेघ. सिद्धेश्वराच्या तळ्यावर बसून मी देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब काढायला गेले, तर ते प्रतिबिंब इतकं करकरीत झालं की देऊळ कुठलं आणि पाणी कुठलं ते मलाच सांगता येईना.

मग ठरवलं, पाणी नको, रस्ता काढू. सात रस्त्याच्या एका कोपऱ्याला सायकलच्या दुकानासमोर मी स्टूल टाकलं. टांगे, बैलगाड्या, एसटी, सायकली, सगळं सात बाजूंनी येऊन एकमेकांवर ओरडून पुन्हा सात बाजूंना जात होतं. दुकानाच्या पुढ्यात रस्त्यावर आलेली मोठी फळी होती, तिच्यावर टायर, सीट, घंट्या मांडलेल्या, वर तरटाचा पडदा. त्याची सावली फार सुरेख पडली होती. मी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीनं त्या फळीचं माप घ्यायला लागले. चित्र काढणारा कुणीही घेतो तसंच.

दुकानदार टोपीवाले, दाढी मेंदीनं रंगवलेले गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि टायर आत न्यायला लागले. मग सीट आत गेल्या. मग तरट उतरलं. मी घाईघाईनं रेघा मारतेय आणि समोरचं दृश्य आकसत चाललंय. शेजारच्या पानपट्टीवाल्यानंही आपला बाक आत ओढला. शेवटी फळी उचलायला आले तेव्हा मी धावत गेले आणि म्हटलं, "अहो, हे काय करताय?"

"क्या नापरे बाई? रस्ता चौडा करते क्या?" ते हात जोडून म्हणाले. "म्युनिशिपाल्टीवाले पिछले साल भी ऐसेच नापके गए थे."

मी कागद दाखवला. कागदाकडे, मग माझ्याकडे बघून ते असे हसले की पानपट्टीवाल्याला बाहेर यावं लागलं. मग सगळं सामान पुन्हा बाहेर आलं. फळी, टायर, सीट, तरट, आणि माझ्या चित्राला शोभा यावी म्हणून आतली एक कोरी करकरीत लेडीज सायकलसुद्धा. चहा आला. सावली तेवढी गेली होती. ते चित्र साधलं नाही, पण ती नवी सायकल मात्र मी त्यात मनापासून काढली, कारण मालक मागे उभे राहून तिची घंटा राहिली आहे असं सारखं सांगत होते.

भवानी पेठ

चनबसप्पांबरोबर त्यांच्या दुकानाकडे गेले तो दिवस असाच. भवानी पेठेत शिरलं की मागांची खटखट पायांतून अंगात शिरते. गल्लीत घराघरात माग. बाहेर बांबूंवर सुताच्या रंगवलेल्या लडी वाळत घातलेल्या: जांभळ्या, हिरव्या, आणि तो सोलापुरी चादरीतला गडद लाल. माझ्या रंगाच्या पेटीत नाही तेवढा रंग एका गल्लीत होता. ओट्यावर तेलुगू बोलणाऱ्या बायका चरख्यावर कांड्या भरत होत्या. मी बसल्यावर त्या आपसात काहीतरी बोलल्या, हसल्या, आणि एकीनं मला बसायला आपलं पोतं सरकवून दिलं.

इथं मी हुशारी केली. आभाळ एकदम वाळू नये म्हणून कागद आधी भिजवून घेतला, चांगला निथळेपर्यंत. निळा सोडला, झकास पसरला. मी खूश झाले. आणि मागांच्या खोलीतून वाऱ्याबरोबर सुताचा भुगा उडत आला आणि माझ्या त्या ओल्या आभाळावर बसला. टिपून काढावा तर रंग निघतो, ठेवावा तर आभाळाला लव फुटलेली. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. पोतं देणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, आपल्या केसांवरचा भुगा झटकून दाखवला आणि मान हलवली. आमची दोघींची भाषा एक नव्हती, पण तक्रार एकच होती.

ते केसाळ आभाळ घेऊन मी चनबसप्पांच्या दुकानात टेकले. तिथं ज्वारीची पोती उतरवून एक शेतकरी पाणी पीत बसला होता. उंच, सडसडीत, डोक्याला पटका. चनबसप्पांनी ओळख करून दिली, "हे सिद्राम. होटगीचे. रेल्वेत गँगमन म्हणून लागले हाईत आता, शेती बी हाय."

सिद्रामनं माझं चित्र हातात घेऊन निरखलं. केसांबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "बाई, तुमी जनावरं काडता का न्हाय?"

"काढते की. समोर उभी राहिली तर."

"मग होटगीला या. हुरडा हाय. आन आमचा हौशा बगा. खिल्लार हाय, लई देखणा. गड्ड्यात इकायचा हाय, त्येच्या आदी या."

गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा. तिच्यासोबतच जनावरांचा मोठा बाजार भरतो.

होटगी

गिरिजा आणि मी सकाळच्या गाडीनं निघालो. सोलापूर सोडलं की लगेच होटगीचं जंक्शन येतं. एका फाट्यानं गाड्या विजापूरकडे वळतात, दुसऱ्यानं पार रायचूर-मद्रासकडे. स्टेशनच्या मागं काळी जमीन आणि तिच्यावर पोटऱ्यात आलेली, कुठं कणसं भरलेली रब्बीची ज्वारी. आमच्या कोकणात नजर टाकली की कुठल्या तरी डोंगरावर आपटून परत येते. इथं ती जाते ती जातेच. पहिल्यांदा मला थोडं उघड्यावर पडल्यासारखं झालं, मग बरं वाटायला लागलं.

सिद्रामच्या बायकोचं नाव कोंडाबाई. ठसठशीत कुंकू, हिरवं इरकली लुगडं, आणि आवाज असा की वावराच्या टोकाला असलेल्या माणसानं "ओ" द्यावी. तिनं शेणीच्या आरात कणसं भाजली, तळहातांवर मळून पाखडून माझ्यापुढे हिरवा हुरडा ओतला. मीही मळायला गेले आणि हात पोळून घेतला.

"सावकास की वो बाई," ती म्हणाली. "ह्या हातानं रंग द्यायाचं हाय न्हवं?"

हुरडा, गूळ, लसणाची चटणी, दही. इतकं गोड धान्य मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. खाता खाता हकीकत कळली. यांची जोडी होती हौशा आणि नवशा यांची. दोघंही घरच्याच गायीची. गेल्या पावसाळ्यात नवशाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. एका बैलावर ना नांगर चालतो ना गाडी. सिद्रामला रेल्वेत काम मिळालं, शेती भावाच्या बैलांवर वाट्यानं लावली. हौशा दारातल्या कडुलिंबाखाली उभा राहून नुसता कडबा खात होता. अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याचाही जोडीतला एक बैल असाच गेला होता, त्याला त्याच बांध्याचा खिल्लार हवा होता. दोन्हीकडे सोयीचंच.

"बैल जोडीतच सोभतो," सिद्राम म्हणाला. "एकला ठेवला तर झुरतो."

जत्रेला हौशे, नवशे, गवशे जातात म्हणतात. या घरातला नवशा गेला होता, हौशा निघाला होता, आणि गवशी म्हणून मी येऊन बसले होते. ही कोटी मी मनातच ठेवली, कारण कोंडाबाई उठून हौशाकडे गेली होती.

हौशा खरोखरच देखणा होता. पांढराशुभ्र, शिंगं मागं वळून गेलेली, वशिंड ताठ, डाव्या कानाला नवशानं लहानपणी घेतलेला चावा. कोंडाबाई जवळ गेली की तो नाकानं लांब श्वास सोडायचा.

"बहात्तरच्या दुष्काळात छावणीत घिऊन बसले होते ह्या दोगान्ला," ती म्हणाली. "माणसं म्हनली, सोडून दे. म्या म्हनलं, मला सोडा, ह्यान्ला न्हाय."

मी लिंबासमोर स्टूल टाकलं. टळटळीत ऊन, त्यात पांढरा बैल. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. पांढरं म्हणजे कागद, तो तसाच राखायचा आणि भोवतीचं काढायचं. मी लिंब काढला, खालची निळसर सावली काढली, कडब्याची गंज काढली, काळं वावर अंथरलं. आणि काय आश्चर्य, जिला मी आठवडाभर शिव्या घालत होते ती हवा आज माझ्या बाजूनं झाली. प्रत्येक हात जागच्या जागी वाळत होता, हौशाची कड कुठंही फुटत नव्हती. आमच्याकडे असतं तर वावर कधीच बैलाच्या पोटात शिरलं असतं.

मागं सात-आठ माणसं जमली होती. कोंडाबाई त्यांना सारून पुढं आली. तिनं कागदाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, समदं काडलं की वो तुमी. लिंब काडला, गंज काडली, कडब्याची पेंडी सुदिक काडली. हौशाच न्हाय काडला."

"येतोय तो. थांबा."

"मोकळीच जागा ठेवली हाय तितं," ती हळू आवाजात म्हणाली. "जायच्या आदीच गेल्यावानी दिसतंय."

माझा हात थबकला. खरंच तसं दिसत होतं. भरल्या दारात मधोमध बैलाच्या आकाराचं भोक. मी घाईनं फिका करडा कालवला, पोटाखालची सावली लावली, वशिंडाची उतरती बाजू, मानेखालची घडी, मग नाकपुडी, मग डोळा. कानाचा चावा काढायला विसरले नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "आला की रं!" आणि कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला.

चित्र जमलं होतं. मला ते हातातच कळलं. फक्त सगळंच पांढरं-करडं-काळं, एक ठिणगी हवी होती. हौशाच्या गळ्यातलं दावं मी सोडून देणार होते, पण आता पाहिलं तर तेच हवं होतं. कोंडाबाईनं स्वतः वळलेलं दावं. अंबाडीत जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या घालून. गळ्यापासून खुंट्यापर्यंत मी ती तांबडी रेघ एका दमात ओढली, आणि चित्र जागं झालं. सोलापूरला आल्याचं सार्थक झालं असं मी गिरिजाला मोठ्यानं म्हणाले.

"हे माझ्या प्रदर्शनात मधोमध लागणार," मी कोंडाबाईला सांगितलं. "अख्खं चिपळूण बघेल हौशाला."

"व्हय?" ती म्हणाली. चित्राकडं बघत राहिली. "मग बरं हाय." कागदाकडं बोट करून म्हणाली, "गड्ड्याच्या बाजारात येताना घिऊन या. आजून येकदा बगते."

गड्डा

भोगीला गिरिजानं तीळ लावून बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली. संक्रांतीला नंदीध्वज पाहिले. बाशिंगं बांधलेल्या त्या उंचच उंच काठ्या पेलत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं चालली होती, आणि "बोला, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा घोष चालला होता. चनबसप्पा एरवी इतके मवाळ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसला. मी त्याचं एकही चित्र काढलं नाही, नुसती बघत राहिले. मधल्या जागेची चिंता मिटली होती ना. मन अगदी निवांत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या माळावर गेलो. जिकडं पाहावं तिकडं खिल्लार. शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, धुळीचा सोनेरी पडदा. सिद्राम आणि कोंडाबाई हौशाला धुऊन पुसून उभे होते. घेणारा मल्लप्पा, अक्कलकोटच्या बाजूचा, घोंगडं खांद्यावर टाकलेला ठेंगणा माणूस. हौशाच्या दातांपासून शेपटीपर्यंत सगळं त्यानं आधीच बघून घेतलं होतं. आता त्यानं आणि सिद्रामनं एका टॉवेलाखाली हात घातले. बोलणं नाही. नुसती बोटं चाचपून भाव ठरतो, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. दोघांचे चेहरे देवासमोर बसल्यासारखे गंभीर. मग दोघांनी एकदम हात बाहेर काढले, आणि सौदा झाला.

मी चित्र कोंडाबाईच्या हातात दिलं होतं. तिच्या खांद्यावरून मल्लप्पानं डोकावून पाहिलं आणि तो हरखला.

"अरे! हेच बैल की हे! चित्र बी द्या की वो. बैलाबरोबर त्याची सावली बी यायला पायजे."

मी तोंड उघडायच्या आत कोंडाबाई म्हणाली, "न्हाय. ह्यात दावं हाय."

मल्लप्पानं पुन्हा नीट पाहिलं. ती तांबडी रेघ दिसली आणि त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "दावं आसंल तर नको रे बाबा," तो म्हणाला. "तुमची लक्ष्मी तुमच्याकडंच राहू द्या."

मी गिरिजाकडे पाहिलं. तिनं हलकेच सांगितलं की जनावर विकतात, पण त्याचं दावं कधी देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, पुन्हा गोठ्यात जनावर टिकत नाही. म्हणून घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं, आणि जुनं देणाऱ्याच्या खुंटीवर राहायचं.

मला फार गंमत वाटली, आणि ती गंमत पुरती वाटायच्या आत कोंडाबाई माझ्याकडे वळली. तिनं चित्र छातीशी धरलं होतं.

"बाई, आता तुमाला बी न्हाय देता येत की वो."

"म्हणजे?"

"तुमचं गाव लांब. दावं घराभायेर कसं लावून द्यायाचं?"

ती मागत नव्हती. भांडतही नव्हती. ऊन पडलंय, तिन्हीसांज झालीय, असं सांगावं तसं सांगत होती. मला मात्र भयंकर राग आला. कागद माझा, रंग माझे, हात माझा, आणि चित्र हिचं कसं? आठ दिवस वाळक्या आभाळांशी झुंजून एक चित्र साधलं होतं. वीस वर्षांत एक, असं म्हटलं तरी चालेल. डोळ्यांसमोर वाचनालयाची भिंत आली, मधोमध रिकामी. ‘अहो बाई, ती नुसती रंगाची रेघ आहे,’ हे वाक्य माझ्या अगदी ओठावर होतं.

पण ते मला म्हणता येईना. ती नुसती रेघ आहे असं म्हटलं, तर तो नुसता कागद आहे हेही म्हणावं लागलं असतं. आणि होटगीला त्या कोऱ्या जागेकडं बघून हिचा चेहरा उतरला होता तेव्हा मी स्वतःच घाबरून हौशाला त्यात आणायला धावले होते. शिवाय दावं काढ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच हौस. हात दाखवून अवलक्षण केलं होतं मी.

"ठेवा," मी म्हटलं. "तुमचंच आहे."

कोंडाबाईनं चित्र गिरिजाच्या हातात सांभाळायला दिलं. मग हौशाच्या गळ्याशी वाकून तिनं दाव्याची गाठ सोडली. हळूहळू गुंडाळलं आणि काखेत मारलं. मल्लप्पा आपलं नवं दावं काढून त्याला हळदकुंकू लावत होता, नारळ फोडायला दगड शोधत होता. तेवढ्या वेळात हौशा मोकळा होता. भोवती माणसांचं, जनावरांचं मोहोळ उठलेलं, आणि गळ्यात काही नाही. पण तो जागचा हलला नाही. त्यानं मान वळवून कोंडाबाईकडं नाक केलं आणि तो लांब श्वास सोडला. ती त्याला गूळ चारत होती.

मी तिथंच धुळीत बसले आणि पिशवीतले रंग आणि एक कोरा कागद काढला. हौशाच्याच बादलीतलं उरलेलं पाणी घेतलं. पेन्सिल लावायला वेळ नव्हता. मागची धूळ एका हातात, माळ दुसऱ्या हातात, बाजूचे लोक नुसते ठिपके. मध्ये कागद राखला. हवा माझ्या मदतीला धावून आली. हात मारला की वाळला, मारला की वाळला. पोटाखालची सावली, वशिंड, वळलेली मान, गुळाच्या हाताकडं झुकलेलं नाक. डोळा ठेवला आणि मल्लप्पाचा नारळ फुटला.

नवं दावं हौशाच्या गळ्यात पडलं. मल्लप्पानं ओढलं नाही, नुसता "बा, बा" म्हणत चालायला लागला, आणि हौशा दोन पावलं अडखळून त्याच्यामागं निघाला. सिद्राम थोडं अंतर सोबत गेला. कोंडाबाईनं तिकडं बघितलं नाही. ती माझ्या बाजूला येऊन उकिडवी बसली आणि माझ्या कागदाकडं बघत राहिली. तिचे डोळे वाहत होते, तरी तिनं कागद अगदी वरपासून खालपर्यंत तपासला. गळ्यापाशी बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"ह्येला दावं न्हाय," ती म्हणाली.

"नाही."

"मग ह्यो तुमी न्या. ह्यो जायालाच निगालेला हाय." नाक पुसून तिनं काखेतलं दावं सावरलं. "आन त्येला चांगल्या जागी लावा बरं का. माणसान्ला दिसंल आसं."

परतीच्या गाडीत ते चित्र मी कडक भाकऱ्यांच्या डब्यावर सपाट ठेवून आणलं. एवढ्या प्रवासात ते ओलं होईल ही भीती पहिल्यांदाच वाटली नाही. काकूंसाठी डबलची चादर आणली, गडद लाल.

वाचनालयात ते मधोमध लागलं. पावसांच्या आणि होड्यांच्या गर्दीत एक वाळलेलं चित्र. बरेच जण समोर येऊन आधी विचारायचे, बैल कुठाय, आणि मग एकदम "हां, हां" म्हणायचे. त्या "हां, हां"ची मला चटक लागली, मी दिवसभर तिथंच घुटमळत होते.

संध्याकाळी काकू आल्या. चष्मा पुसून त्यांनी हौशाला पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "छान आहे हो. पण अगो, एवढा मोठा बैल आणि त्याला दावंच नाही. काढायला विसरलीस वाटतं?"

"नाही काकू," मी म्हटलं. "दावं होटगीला आहे."